इसोरीचे केस

आई मनगटावर घड्याळ बांधत होती आणि मी चहात बुडवलेलं टोस्ट तोंडात घालायचं विसरून तिच्याकडे बघत राहिले. टोस्ट तुटून कपात पडलं.

ते घड्याळ तिच्या लग्नातलं. सोनेरी पट्ट्याचं, बांगडीएवढं नाजूक. साबणाच्या रिकाम्या डबीत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ते कायम पडलेलं असायचं. आमच्या गल्लीत मनगटी घड्याळ लागायचंच नाही कुणाला. इचलकरंजीत पाळी बदलली की मागांची खडखड थांबायची, पुन्हा सुरू व्हायची, त्यावरून किती वाजले ते कळायचं. त्यातून आई गल्लीच्या टोकाला अंगणवाडीत मदतनीस. पोरं गोळा करायची, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची. या कामाला घड्याळ कशाला?

"आज घड्याळ?"

"नवा सेल टाकलाय काल. चालतंय का बघते."

मग तिनं देवापाशी हात जोडले, जरा जास्तच वेळ. पिशवी खांद्याला अडकवली. दारातून परत वळली आणि म्हणाली, "दार लावून बस. कुणी आलंच तर आई अंगणवाडीत गेलीय म्हणून सांग."

मी हो म्हणाले. ती गेल्यावर ते वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. ती रोजच अंगणवाडीत जायची. रोज जाणाऱ्या माणसाला असं शिकवून जावं लागत नाही.

शिवाय दोन दिवसांपूर्वी मी तिचं फोनवरचं बोलणं ऐकलं होतं. मोरीत नळ सोडून, त्या आवाजाआड ती कुणाशी तरी बोलत होती. "हो सर. अकराला. वेळेवर पोचते." मग थोडं थांबून, "नाही नाही, मुलीला काही सांगितलेलं नाही. तिला कळायला नको." मी टॉवेल घेऊन बाहेर उभी होते. तशीच मागे सरले.

मी तेव्हा नववीत होते, चौदा वर्षांची. चौदाव्या वर्षी अशा वाक्याचे जेवढे म्हणून अर्थ निघतात, तेवढे सगळे मी दोन दिवसांत काढून ठेवले होते. त्यातला एकही चांगला नव्हता.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. आमच्या शाळेत दहावीच्या बोर्डाचं केंद्र असायचं. ज्या दिवशी पेपर असेल त्या दिवशी बाकीच्या वर्गांना सुट्टी. फुकट मिळालेली सुट्टी मात्र नाही. हेरवाडे मॅडम, आमच्या वर्गशिक्षिका, गणित शिकवायच्या. त्यांनी अवयव पाडायची पंचवीस गणितं देऊन ठेवली होती. मी स्वतःशी ठरवलं, पाच गणितं झाली की एक भाग बघायचा.

भाग म्हणजे जपानी कार्टूनचा. आई त्याला 'तुझं जपानी' म्हणायची. मुस्कान नावाच्या मैत्रिणीनं पेन ड्राइव्हमध्ये सहा भाग भरून दिले होते. आमच्या टीव्हीला मागे पेन ड्राइव्ह लावायची जागा होती, तो टीव्ही घेताना पप्पांना मी हट्टानं तसलाच घ्यायला लावला होता. आवाज जपानी आणि खाली इंग्रजीत ओळी. त्यातली इसोरी सारस पक्ष्यावर बसून डोंगरापलीकडच्या गावांना पत्रं पोचवायची. पत्रं ती पिशवीत ठेवायची नाही, लांबलचक निळ्या केसांत गुंडाळून बांधायची. बटेबटेत एक पत्र. आणि तिचा एकच नियम होता, पत्र कुणाचंही असो, उघडून वाचायचं नाही.

इसोरीवर माझा इतका जीव होता, की शाळेत माझ्या बाकावर मी तिचं चित्र काढलं होतं. कंपासच्या टोकानं कोरून वर निळ्या पेननं गिरवलेलं. सारसाचे पंख बाकाच्या कडेपर्यंत पोचायचे. तिच्या केसांत मी पत्रांऐवजी सूत्रं लपवली होती. जानेवारीत चाचणी होती म्हणून. एक एक बट म्हणजे एक एक सूत्र, बारीक अक्षरांत, केसांच्या वळणानं. जवळ नाक नेल्याशिवाय कुणाला दिसलं नसतं. चाचणीत मला वीसपैकी चौदा मिळाले. त्यातले इसोरीचे किती, ते मी मोजलं नाही.

बोर्डाच्या आधी नववीनं बाक घासायचे अशी आमच्याकडे रीतच होती. आदल्या शनिवारी आम्ही सोडा, चिंध्या आणि पॉलिश पेपर घेऊन वर्ग धुऊन काढला. 'बाकावर एक रेघ दिसता कामा नये,' हेरवाडे मॅडमनी बजावलं होतं. माझ्या हातून इसोरी पुसवेना. मग बैठक क्रमांकाच्या चिठ्ठ्या डकवायची वेळ आली तेव्हा मी पुढे होऊन आमच्या रांगेच्या चिठ्ठ्या मागून घेतल्या, आणि माझ्या बाकावरची चिठ्ठी नेमकी इसोरीच्या केसांवर चिकटवली. चेहऱ्यावर आणि सारसावर खडूची पूड चोळली. गव्हाच्या पिठाची खळ तोवर पाणी होऊन गेली होती, चिठ्ठी कशीबशी बसली. मॅडम दारातूनच बघून गेल्या.

तर, पहिली पाच गणितं झाली. त्यातल्या दोनांची उत्तरं पुस्तकाच्या मागच्या उत्तरांशी जुळेनात. मी पुन्हा केली, तरी तेच. पुस्तकातच छापायची चूक असणार असं म्हणून मी टीव्ही लावला.

पण लक्ष लागेना. इसोरी बर्फातून उडत होती आणि मला मोरीतल्या नळाचा आवाज ऐकू येत होता. हो सर, अकराला. भिंतीवर सव्वाअकरा झाले होते.

तेवढ्यात कडी वाजली. मी भाग थांबवला.

दारात मगदूमबाई. अंगणवाडीच्या सेविका, म्हणजे आईच्या वरिष्ठ. जूनमध्ये त्या निवृत्त होणार होत्या. हातात डबा, कपाळावर घाम.

"केतकी, आता कशी आहे आई? ताप उतरला का?"

माझ्या तोंडात शिकवून ठेवलेलं वाक्य तयार होतं. आई अंगणवाडीत गेलीय. ते तिथल्या तिथे गिळलं.

"झोपलीय," मी म्हणाले. कसं सुचलं, माहीत नाही. आईवर संशय होता माझा, तरी बाहेरच्या माणसापुढे तोंडातून निघालं ते तिला झाकायलाच.

बाईंनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं. एका खोलीचं आणि स्वयंपाकघराचं घर, झोपलेलं माणूस लपणार कुठं? टीव्हीवर इसोरी थिजून उभी होती. "दवाखान्यात गेली असेल तर तसं सांग बाळा. खोटं कशाला?"

"हो, दवाखान्यात. मी सांगायला विसरले."

"कुठल्या?"

मी टीव्हीकडे बघितलं. बाईंनी डबा माझ्या हातात दिला, त्यात गरम पेज होती. जाता जाता म्हणाल्या, "या महिन्यात तिसरा ताप हा तिचा. तिला म्हणावं, सून येते माझी मदतीला, तिनं काळजी करू नये." काळजी करू नये हे त्यांनी ज्या आवाजात म्हटलं, त्यात पेजेची ऊब नव्हती.

दार लावून मी तिथंच बसले. तिसरा ताप. म्हणजे तीन दिवस आई सकाळी घरातून अंगणवाडीला म्हणून निघाली आणि अंगणवाडीला ताप आलाय म्हणून सांगितलं. दोन्हीकडे खोटं. मधला वेळ ती कुठं होती? कुणाबरोबर?

पप्पा मागावर होते, जॉबर म्हणून. मागाचं काही बिघडलं की दुरुस्त करणारे. सात मिनिटांवर कारखाना. त्यांना जाऊन सांगावं असं एकदा वाटलं. चपलाही घातल्या. पण सांगायचं काय? आई खोटं बोलते, एवढंच? आणि त्यांनी विचारलं, तुला कसं कळलं, तर? इसोरीचा नियम त्या क्षणी मला अजिबात आठवला नाही. मी घर धुंडाळायला घेतलं.

कपाट बघितलं. तांदळाचा डबा, शिवणाच्या मशीनचा खण, उशांचे अभ्रे. मोरीत एक वाटी होती, तळाला दह्याचा पांढरा थर आणि न विरघळलेली साखर. आमच्याकडे सकाळी दही कुणी खात नाही. ती वाटी मी उचलून बघितली आणि परत ठेवली.

मग पलंगाखाली गणपतीच्या मखराची पत्र्याची पेटी दिसली. वर्षातून एकदा, भाद्रपदात उघडायची. बाजूच्या ट्रंकेवर बोटभर धूळ होती. पेटीचं झाकण लख्ख.

वर थर्माकोलचे खांब, झिरमिळ्या. त्याखाली माझ्या वह्या. सातवीच्या, आठवीच्या, नववीच्या पहिल्या सत्राच्या. त्या रद्दीत गेल्या असं आईनं मला सांगितलं होतं. मी एक उघडली. पुढची पानं माझी. मागच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीनं गणितं होती. माझ्या हातची नाहीत. आकडे मोठे, गोल, एकेक जपून मांडलेला, आई पापड वाळत घालते तसे. खोडलेलं, पुन्हा केलेलं, परत खोडलेलं. तेच गणित चार चार वेळा.

एका पानाच्या समासात लिहिलं होतं, 'घन म्हणजे काय, केतूला विचारणे'. त्यावर रेघ मारलेली.

दिवाळीत एकदा मी पालथी पडून अभ्यास करत होते, तेव्हा आईनं कणीक मळता मळता विचारलं होतं, "हा घन म्हणजे काय गं?" मी मान वर न करता म्हणाले होते, "तुला काय करायचंय? नाही कळायचं तुला ते." ती बरं म्हणाली आणि कणीक मळत राहिली. मला वाटलं होतं, विषय संपला.

पेटीच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कागद होता. हॉल तिकिटाची झेरॉक्स. माध्यमिक शालान्त परीक्षा, मार्च. सातपुते शोभना विलास. खाजगी विद्यार्थी. फोटोत आई कॅमेऱ्याकडे घाबरून बघत होती. केंद्राच्या जागी माझ्या शाळेचं नाव. खाली पेपरांच्या तारखा, त्यात आजची. बीजगणित, अकरा ते एक.

मला हसू आलं. खरंच. दोन दिवस पोटात घेऊन फिरत असलेला दगड कुणी उचलून नेल्यासारखं झालं. आई चोरून परीक्षा देत होती. बस, एवढंच.

मग माझी नजर बैठक क्रमांकावर गेली. शेवटचे तीन आकडे दोनशे सतरा.

ती चिठ्ठी माझ्या हातानं चिकटवलेली होती. इसोरीच्या केसांवर. पातळ खळीनं. आज बीजगणित होतं, आणि वर्गातला पंखा बरोबर त्या बाकाच्या वर होता.

मी टीव्ही बंद केला की नाही, आठवत नाही. कुलूप लावलं, झेरॉक्स मुठीत धरली आणि पळत सुटले.

शाळेच्या फाटकाशी पोलीस, कुंपणाला चिकटून उभे असलेले पालक, उसाच्या रसाचा गाडा. फाटकाच्या आत आमचे शिपाई अण्णूमामा खुर्ची टाकून बसले होते. मी गजांतून त्यांना हाक मारली. त्यांनी हातानंच हाकललं. नववीला सुट्टी आहे, घरी जा.

"मामा, दोनशे सतरा नंबरच्या बाकावर सूत्रं लिहिलेली आहेत. ती मी लिहिलीत."

मागचे दोन पालक माझ्याकडे वळले. अण्णूमामा उठून गजांपाशी आले. त्यांचा चेहरा बदलला होता.

"दोनशे सतराला आत्ता पथकानं ऑफिसात नेलंय," ते हळू म्हणाले. "ती बाई तुझी कोण?"

आई म्हटल्यावर मामांनी मला आत ऑफिसात नेलं. मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर भरारी पथकातल्या एक बाई होत्या, करड्या केसांच्या, गळ्यात ओळखपत्र. शेजारी केंद्रसंचालक. टेबलावर आईची उत्तरपत्रिका, आणि तिच्यावर ती चिठ्ठी, कोपऱ्यांतून वाकलेली. आई भिंतीपाशी उभी होती. मला बघून तिनं मान अशी झटकन हलवली, की जा इथून.

पथकाच्या बाई तिला विचारतच होत्या. बाकावर लिहिलेलं कुणाचं, ते तिसऱ्यांदा विचारत होत्या. "पर्यवेक्षकांनी बघितलंय. तुम्ही आपण होऊन चिठ्ठी उचकटलीत आणि दोन मिनिटं तिथं बघत बसलात. लिहिलं नाहीत असं म्हणता, मग कुणी लिहिलं?"

"मला माहीत नाही," आई म्हणाली.

तिला माहीत होतं. तिच्या आवाजावरून मला कळलं. अशा आवाजात ती मगदूमबाईंना ताप आलाय म्हणून सांगत असणार.

"मी लिहिलं," मी म्हणाले. "तो माझा बाक आहे. रोजचा."

"ही कोण?"

"मुलगी माझी," आई घाईनं म्हणाली. "लहान आहे, घाबरून काहीही बोलतीय. तिचं काही ऐकू नका, मॅडम."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. आईला वाचवायला मुलगी खोटं बोलतेय असं त्यांना वाटलं असावं. त्यांचा तो दिवसभराचा धंदाच, कुणावरही विश्वास न ठेवायचा. त्यांनी एक कोरा कागद आणि निळं पेन माझ्यापुढे सरकवलं. "काढ. जसं बाकावर आहे तसं."

मी उभ्या उभ्या काढलं. इसोरीचं कपाळ, डोळे, सारसाची मान. मग केस. एकेक बट आणि तिच्यात एकेक सूत्र, त्याच क्रमानं, त्याच वळणानं. माझा हात कुठं चुकला नाही, इतक्या वेळा गिरवलेलं होतं. केंद्रसंचालक उठून वर्गात जाऊन बाक बघून आले आणि माझ्या कागदावर वाकले.

पथकाच्या बाईंनी तिसऱ्या बटेवर पेन टेकवलं. "हे घनांच्या वजाबाकीचं सूत्र. बरोबर आहे हे?"

"हो."

"मधल्या पदाचं चिन्ह काय लिहिलंयस?"

"वजा."

त्यांनी आईची उत्तरपत्रिका उलगडली. पान उलटलं, अजून एक उलटलं, आणि एका ओळीवर थांबल्या. मग पुस्तिका तशीच धरून आईकडे वळल्या. "बाई, तुम्ही सांगा. मधलं चिन्ह काय?"

आईनं माझ्याकडे बघितलं नाही. टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाली, "अधिक पाहिजे. पहिल्या कंसात वजा असलं की मधलं अधिक होतं."

केंद्रसंचालकांनी माझा कागद उचलून तिसरी बट पुन्हा बघितली.

"यांनी बाकावरून उतरवलं असतं तर यांचंही चुकलं असतं," बाई केंद्रसंचालकांना म्हणाल्या. "यांचं बरोबर आहे." त्यांनी पुस्तिका मिटून आईच्या हातात दिली. गेलेला वेळ मिळणार नाही, उरलीत अडतीस मिनिटं, दुसऱ्या बाकावर बसा, असं सांगितलं. आणि माझ्याकडे बोट करून, हिचं काय करायचं ते शाळा बघेल.

शाळेनं बघितलं. एप्रिलभर मी एकटीनं नववीचे सगळे बाक घासले, हेरवाडे मॅडम शेजारी उभ्या राहून रेघा दाखवायच्या. तेही इथंच सांगून टाकते आणि निकालाचंही. आई गणितात त्रेचाळीस मार्कांनी सुटली. मगदूमबाईंच्या जागेला दहावी पास लागत होतं आणि त्यांनी ती सुनेसाठी धरून ठेवली होती. म्हणून ती चोरी, म्हणून ते तीन ताप. ऑगस्टपासून आई सेविका झाली. ज्यांच्याशी मोरीत नळ सोडून बोलणं चालायचं, ते सर म्हणजे असे फॉर्म भरणाऱ्या बायकांना गच्चीवर शिकवणारे निवृत्त मास्तर निघाले. पप्पांना पहिल्यापासून ठाऊक होतं. सकाळची दही-साखर त्यांनीच तिच्या हातावर ठेवली होती, सातच्या पाळीला जाताना.

माहीत नव्हतं ते फक्त मला.

एक वाजता ती बाहेर आली. आम्ही चालायला लागलो. मी शिव्यांची वाट बघत होते. रसाच्या गाड्यापाशी तिनं घड्याळ काढून पिशवीत टाकलं.

"चिठ्ठी का उचललीस गं?" शेवटी मीच विचारलं.

"आज खडू उडाला होता, कडेनं पंखाचं टोक दिसत होतं," ती म्हणाली. "बघितल्यावर कळलं, हा तुझा बगळा."

"सारस आहे तो."

"असेल. म्हटलं, पोरगी कशी काढलीय बघू. तुझ्या मागं चपात्या लाटताना रोज थोडी थोडी बघायची मी तिला. खालचं इंग्रजी वाचेपर्यंत पळायचं." थोडं चालून ती पुढे म्हणाली, "केस छान जमलेत. ते एक चिन्ह तेवढं."

माझी लेक आता दीड वर्षाची आहे. दुपारी ती झोपली की मी दार लोटून लिहायला बसते, आणि पलीकडच्या खोलीत सासूबाईंच्या बांगड्या वाजल्या की वही उशीखाली सारते. वाईट असं काहीच लिहीत नाही मी. तरी सारते.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा टीव्ही चालूच होता. इसोरी बर्फात थांबलेली. आईनं मगदूमबाईंची पेज दोन वाट्यांत ओतली, पदरानं तोंड पुसलं आणि टीव्हीसमोर खाली बसली. मी वही उघडून सकाळची दोन गणितं नीट केली. उत्तरं पुस्तकाशी जुळली. मग तिच्या शेजारी जाऊन बसले आणि रिमोट हातात घेतला.

त्या भागात इसोरी पहिल्यांदा कुणाचं तरी पत्र उघडते. वीस मिनिटांचा भाग होता, आम्हाला चार वाजले. खाली ओळ आली की मी बटण दाबायची. आई ओठ हलवत, पडद्यावर बोट ठेवून, एकेक शब्द जोडत ती ओळ पुरी करायची. झाली की मान हलवायची. मगच मी इसोरीला पुढं जाऊ द्यायची.